मडक्याबाहेरचं चिलट

१

सकाळी चूळ भरली की मी मडकी बघायला जायचो. मधल्या खोलीत भिंतीला लागून मडक्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येकात रानातून आणलेलं कुजकं लाकूड. तोंडाला मलमलीचं फडकं, फडक्याला सुतळी, सुतळीला झाडाच्या नावाची चिठ्ठी. जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन. लाकडावरच्या अळंबीत अळ्या वाढायच्या, अळ्यांची चिलटं व्हायची, फडक्याला आतून चिकटायची आणि काही दिवसांत आपल्या मरणाने मरायची. मग मी फडकं सोडून त्यांना चिमट्याने उचलायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचो.

आपल्या मरणाने, हे महत्त्वाचं. मी शांतिनाथ. सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि जन्माने जैन आहे. या दोन गोष्टी एका घरात नांदवायच्या म्हणजे रोजची कसरत. दुसरा कोणी असता तर जाळं घेऊन रानात गेला असता, विषाच्या बाटलीत चिलटं कोंबली असती आणि आठवड्यात घरी परतला असता. मी बायकोला शब्द दिला होता की आपल्या घरात जीव मारणार नाही. त्यामुळे मला रानच घरात आणावं लागलं.

युद्ध चालू होतं, साल चव्वेचाळीस. आषाढात मी रजा घेतली आणि कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकच्या वरच्या रानाला लागून एक दगडी घर भाड्याने घेतलं. पुढे पडवी, मध्ये मडक्यांची खोली, आत झोपायची खोली, मागे चूल. आईने आदळआपट केली. चातुर्मासात मुनीसुद्धा जागा सोडत नाहीत आणि हा बायकोला घेऊन जंगलात निघाला, असं ती सगळ्या गल्लीला ऐकवत होती.

आईचं चूक नव्हतं. आदल्या पौषात माझी बायको गुणमाला मुदतीच्या तापाने गेल्यातच जमा होती. डॉक्टरांनी हात टेकले, बायकांनी तिला खाटेवरून खाली घेतलं, आईने तिच्या कानात णमोकार म्हणायला सुरुवात केली. नाडी लागत नव्हती. मी दाराबाहेर उभा होतो. मग आतून कोणीतरी ओरडलं की डोळे उघडले! पुढे डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. त्यांच्या मनात पन्हाळा असावा. मी माझ्या सोयीची हवा निवडली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मला मनातलं बोलायला तिच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं. ती राहिली, यापलीकडे मला काही नको होतं.

२

चिलट म्हटलं की लोकांना पिकल्या केळ्यावरचं चिलट आठवतं. माझी चिलटं वेगळी. पाठीला पोक, पाय लांबसडक, नडगीवर काटे आणि पंखांत शिरांची अशी नक्षी की तिच्यावरून घराणं सांगता यावं. माझ्याकडे उत्तरेच्या बर्फाळ अरण्यांतल्या चिलटांवरचा एक जाडजूड जर्मन ग्रंथ होता. आपल्या रानांवर तसं कोणी लिहिलेलं मला ठाऊक नव्हतं, म्हणून तिकडच्या किल्लीने मी इकडची कुलपं उघडत होतो. पंखातली शीर अशी फुटत असेल तर या पानावर जा, तशी फुटत असेल तर त्या पानावर. शेवटी नराचं शेपूट बघायचं, तिथे प्रत्येक जातीचा शिक्का वेगळा.

आणि एवढ्याशा खोऱ्यात किती जाती निघाव्यात! एकाच ओंडक्याच्या वरच्या अंगाला एक, मातीकडच्या अंगाला दुसरी. प्रत्येकीचं लाकूड ठरलेलं, अळंबी ठरलेली. पुढेपुढे मी इतका सरावलो की मडकं कुठलं हे कळलं की आतलं चिलट मी न बघताच सांगायचो. गुणमाला हसायची. "तुमी माणसापरीस चिलटं चांगली वळखतायसा," म्हणायची.

श्रावण लागला तेव्हा झोपायच्या खोलीच्या खिडकीत मला एक मेलेलं चिलट मिळालं. काळं, बारीक, कमरेला पिवळट पट्टा. मी ते काचेवर घेतलं आणि ग्रंथाची पानं उलटत गेलो. मध्येच किल्ली अडली. ते या पानावरही बसेना आणि त्याही पानावर बसेना. मला आनंदाने उभ्याउभ्या नाचावंसं वाटलं. नवी जात! आता फक्त ते कुठल्या लाकडातून आलं एवढं शोधायचं होतं.

मी सगळी मडकी तपासली. एकूणएक फडक्याला बाहेरून डोळा लावून बघितलं. तसलं चिलट एकाही मडक्यात नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी खिडकीत आणखी काही होती. मग रोजच मिळू लागली आणि रोज आतल्याच खोलीत. मडक्यांच्या खोलीत एकही नाही, चुलीपाशी नाही, पडवीत नाही.

ही चिलटं फार लांब उडत नाहीत. जिथे जन्मतात तिथेच ओल धरून राहतात. म्हणजे आतल्या खोलीतच कुठेतरी काहीतरी कुजत होतं. मी मास्तर माणूस, पद्धतशीर निघालो. आधी एखादं फडकं फाटलं असेल म्हणून आकारामच्या मदतीने सगळी मडकी पडवीत काढली. आकाराम हा तिथला गडी, पहिल्या युद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला. मला लाकडं आणून द्यायचा आणि प्रत्येक ओंडका ठेवताना टाच आपटायचा.

"आवं, मडकी भाईर का काढलीसा?" गुणमालाने विचारलं.

"एक चिलट हुडकतोय. घर सापडत नाही त्याचं."

"आसंल की हितंच. ऱ्हाऊ द्या गरिबाला."

मडकी गेली, चिलटं राहिली. मग मी आढं बघितलं, वासे टोकरले, खिडकीची चौकट ठोकून बघितली. सागवान खणखणीत होतं. भिंतीच्या कोपऱ्यात ओल होती तिथे चुन्याचा हात दिला. शेणाची जमीन उकरून पुन्हा सारवून घेतली. आकाराम कामाला वाघ, पण आता तो आतल्या खोलीत आला की लवकर बाहेर पडायचा.

"काय रे, काय झालं?"

"काय न्हाई सायेब. वास येतूय."

"कसला?"

"रानातला. पाऊस थांबल्यावर खोडाबुडी हात घातला की येतूय, त्यो."

मला काही वास येत नव्हता. पण मी दिवसभर त्याच वासात बसणारा माणूस, मला कसा येणार? मी स्वतःला असं समजावलं आणि ते पटलंही.

४

मग मी बारकाईने बघायला लागलो की चिलटं बसतात कुठे. खोलीत दोन बाजा होत्या, मध्ये हातभर जागा. माझ्या बाजेवर कधी एक सापडलं नाही. सगळी तिच्या अंगाला. तिच्या उशीवर, वाकळेच्या काठावर, खुंटीवरच्या लुगड्यावर.

गादीतला कापूस ओला असेल म्हणून मी गादी उसवली. कापूस पांढराफेक निघाला. मी बाजांची अदलाबदल केली. ती माझ्या बाजेवर झोपली आणि चिलटं माझ्या बाजेवर आली. तिच्या डोक्याला लावायचं तेल मी ओतून टाकलं. तापात तिचे केस गेले होते, आता बोटभर नवे आले होते, दाट आणि मऊ. त्यांना ती रोज ते तेल लावायची.

"तेलानं काय केलं तुमचं?" ती रागावली नाही, हसली. अलीकडे ती रागवायचीच नाही. पूर्वी जेवणात एक खडा निघाला तरी वाण्याचा उद्धार करणारी बाई. शिळ्या भाकरीवर बुरशीचा ठिपका दिसला तर दुरडी उन्हात टाकणारी. आता तिच्या धुतल्या लुगड्यांवर बारीक करडे ठिपके पडायचे आणि ती ती लुगडी तशीच नेसायची.

या गोष्टी मी एकेक बघितल्या होत्या. एकत्र कधी ठेवल्या नव्हत्या. पावसाळा आहे, अशक्तपणा आहे, माणूस मरणाच्या दारातून आला की निवळतो, अशी माझ्याकडे प्रत्येकाला तयार उत्तरं होती.

एका दुपारी आकारामने मला पडवीत गाठलं. टाच आपटली नाही.

"सायेब, बाईसायेब रानात जात्यात. ठावं हाय नव्हं?"

"फुलं आणायला जाते."

"फुलं न्हाईत सायेब. त्यो पडल्याला हिरडा हाय नव्हं, त्येच्या बुडाशी बसत्यात. पावसातबी. डोळं मिटून, गाल टेकून. मी हाक मारली, तर..." त्याने डोक्यावरचं इरलं सारखं केलं. "उद्यापासनं लाकडं मी भाईर फाटकापाशीच ठिवंन. चालंल नव्हं?"

मी चालेल म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच घरात पाऊल टाकायची भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली. आत ती चुलीपाशी बसून गुणगुणत होती. मी तिचा हात हातात घेतला. गार होता. पावसाळ्यात सगळ्यांचेच हात गार असतात.

५

नुकतं जन्मलेलं चिलट ओळखायला ग्रंथ लागत नाही. ते काळं नसतं. फिकट, पिठासारखं, अंगाने मऊ. पंख ओले आणि चुरगळलेले. घटकाभर ते जिथे बाहेर पडलं तिथेच बसून राहतं, मग त्याला रंग चढतो आणि ते उडतं. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं आहे.

त्या सकाळी तिच्या उशीवर तशी फिकट चिलटं होती.

मी बराच वेळ खोलीच्या मधोमध उभा राहिलो. वासे बघून झाले होते, भिंत, जमीन, चौकट, गादी, तेल, मडकी. आता खोलीत दुसरं काही उरलं नव्हतं. माझ्या डोक्याने पुढची पायरी घेतली आणि मी ती मागे ओढली. असं होत नाही. अळीला ओल लागते, अंधार लागतो आणि बुरशी धरलेलं, मेलेलं काहीतरी लागतं. जिवंत माणसात असं होत नाही. मी हे मोठ्याने म्हटलं असावं, कारण मागून गुणमालाने विचारलं, "काय हुत न्हाई?"

जेवणं झाल्यावर ती आडवी झाली. डासांसाठी आम्ही मच्छरदाणी वापरायचो. मी ती काढून झटकली, उजेडात धरून कोपरान् कोपरा बघितला, पुन्हा बांधली आणि गुणमाला झोपल्यावर चारही कडा गादीखाली घट्ट खोचल्या. आत ती, एक उशी आणि एक वाकळ. मग खुर्ची ओढून बसलो. बाहेर पागोळ्यांचा आवाज होता. खिडकीतून राखाडी उजेड येत होता, वाचता येईल इतका.

तिचा श्वास मी कान देऊन ऐकत होतो. तो चालू होता, संथ. मला हायसं वाटलं, आणि आपण मच्छरदाणीबाहेर बसून बायकोचा श्वास तपासतो आहोत याची किळसही आली. मी उठणारच होतो.

तेवढ्यात जाळीला आतून काहीतरी चिकटलं. काळं, बारीक, कमरेला पिवळट पट्टा. मग दुसरं. मी खाली वाकून खोचलेल्या कडा बघितल्या, सगळ्या जागच्या जागी होत्या. मी जाळीला डोळे लावले. ती माझ्याकडे पाठ करून झोपली होती. कानामागे, जिथे नवे केस सुरू होतात, तिथे काहीतरी हललं. एक चिलट बाहेर पडत होतं. डोकं आलं होतं, पुढचे पाय आले होते, पंख अजून आत होते. ते थांबलं, दम घेतला आणि पुन्हा जोर केला. केसांच्या मुळाशी ओलसर रेशमासारखे पांढरे तंतू होते आणि त्यांच्या आत आणखी काही होतं.

मी तिथून नजर काढली. आयुष्यभर बारीक बघायचं काम केलेला मी, मला तेवढं बघवलं नाही.

"काय बघाय लागलायसा?" तिने विचारलं. वळली नाही, डोळे उघडले असतील नसतील. आवाज अगदी माझ्या गुणमालाचा होता.

"काही नाही."

"त्येस्नी मारू नगासा हं," ती म्हणाली. "तुमी सबुद दिलाय."

६

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन निघालो. आटपाडीला तिचे मामा होते, रामगोंडा. त्या मुलखात श्रावणातसुद्धा आभाळ कोरडं असतं आणि वारा दिवसभर धूळ उडवतो. तिथे लाकूड कुजत नाही, नुसतं वाळतं. माझं एवढंच गणित होतं. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने आम्ही कऱ्हाडला आलो, तिथून विट्यामार्गे आटपाडी. वाटभर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

गणित बरोबर आलं. पहिल्याच दिवसापासून एक चिलट दिसलं नाही. मी तिची उशी, वाकळ, खोलीची खिडकी बघायचो आणि कुठे काही नसायचं. खिडकीतून कडकडीत ऊन आत यायचं. मी इतका सुखावलो की रामगोंडामामांशी गप्पा मारताना मोठमोठ्याने हसायला लागलो. भास असेल, असंही एकदा म्हणून बघितलं.

मग ती सुकू लागली. आधी ओठ फुटले. मग टाचा, मग तळहात. कातडी कागदासारखी झाली आणि आवाज इतका बारीक की कान लावावा लागे. ती ओल्या पंच्याने अंग गुंडाळून माजघराच्या अंधारात पडून राहायची. पंचा घटकेत वाळायचा आणि मामी पुन्हा भिजवून द्यायची. गावच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. ते म्हणाले, रक्त कमी आहे.

"जावई," रामगोंडामामांनी मला अंगणात घेतलं, "पोरीला हितली हवा सोसत न्हाई. तिकडं बरी हुती म्हनती. मग हितं कशापायी ठिवलीया? डोळ्यादेखत चालली की पोरगी!"

पौषात मी दाराबाहेर उभा होतो तेव्हा आत काय झालं, हे मला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. ज्यांनी तिला खाली घेतलं त्या बायका म्हणत होत्या की नाडी गेली होती. नंतर सगळ्यांनी ते आनंदाने विसरून टाकलं आणि सगळ्यांत आधी मी.

त्या दुपारी तिने मला जवळ बोलावलं. "मला माघारी न्या," ती म्हणाली. "हितं मी जगायची न्हाई."

"गुणा," मी विचारलं, "तू आहेस ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत मला ओळख दिसली, माया दिसली आणि आणखीही काही, जे मला चिलटांच्या डोळ्यांपेक्षा जास्त कळलं नाही. तिने फक्त भेगाळलेला हात माझ्या हातावर ठेवला.

काही न करता नुसतं बसून राहिलो असतो तरी पुरे होतं. आणखी काही दिवसांत सगळं वाळून गेलं असतं, मला कोणी दोष दिला नसता आणि मी तिच्यासाठी दुसऱ्यांदा रीतसर रडलो असतो. शब्द मी दिला होता की आपल्या घरात जीव मारणार नाही. तेव्हा मी असं म्हटलं नव्हतं की आधी तो जीव कुणाचा ते विचारीन. रात्रभर मला झोप लागली नाही. भीती कमी झाली नाही. पण सकाळी मी मामांना म्हटलं की आम्ही परत निघतो.

७

कऱ्हाडपर्यंत तिला धरूनच आणावं लागलं. हेळवाकच्या मोटारीत मी तिला खिडकीशी बसवलं. पाटण मागे पडलं आणि पावसाची पहिली झड आत आली. मी खिडकीचा कातडी पडदा ओढायला गेलो तर तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या."

तिचं तोंड भिजलं, पदर भिजला. तिने ओठांवरून जीभ फिरवली. डोंगर जवळ येत गेले तशी तिच्या गालांवर तकाकी आली. मी ते होताना बघत होतो. मग ती थकून माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पदर सरकला. कानामागचे केस माझ्या मानेला लागले, ओले आणि गार. आता मलाही तो वास आला, पाऊस थांबल्यावर खोडाबुडी येणारा. मी श्वास रोखून बसलो. खांदा काढून घेतला नाही.

समोरच्या बाकावरचा म्हातारा तोंडासमोरून हात हलवून काहीतरी उडवत होता. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला आणि एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "कितीजण?"

मी तोंड उघडलं, पण मला आकडा सांगता येईना. गाडी वळणावर कलली. कंडक्टरने दांडा धरून पुन्हा विचारलं.

"दोगं," गुणमाला डोळे न उघडता म्हणाली, आणि त्याने दोन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली.